डोळ्यात रुतलेले लोखंड : धातूच्या कणाचा शोध आणि त्याची साधने

डोळ्यात शिरलेला धातूचा कण शोधून काढणे हे नेत्रवैद्यकातले जुने आणि अजूनही फसवे काम आहे. माणसाचा डोळा पुढून मागे मोजला तर साधारण 24 मिलिमीटर भरतो. त्यात शिरणारी लोखंडाची कपची बहुधा काही मिलिमीटरची, कधी एका मिलिमीटरहूनही लहान असते. ती वेगाने कॉर्निया किंवा डोळ्याचा पांढरा भाग भेदून आत गेली, तर मागे राहिलेली जखम इतकी बारीक असते की ती आपोआप मिटते. टोचल्यासारखे होते, पाणी येते, डोळा लाल होतो आणि संध्याकाळपर्यंत बरेचसे निवळते. कण नजरेच्या वाटेत न अडकता कडेला जाऊन बसला, तर पहिले काही दिवस दिसतेही व्यवस्थित. त्यामुळे ‘बाहेरून काही दिसत नाही, म्हणजे आत काही नाही’ हा या दुखापतीतला सर्वांत घातक निष्कर्ष ठरतो.

कण आला कुठून, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ग्राइंडरवर काम करताना उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे तापलेले बारीक धातुकण. ते बहुतेक वेळा कॉर्नियाच्या वरच्या थरात रुतून बसतात आणि एका-दोन दिवसांत त्यांच्याभोवती गंजाचे तपकिरी कडे धरते. हा त्रास मोठा असला, तरी कण डोळ्याच्या पृष्ठभागावर असतो आणि स्लिट लॅम्पच्या उजेडात स्पष्ट दिसतो. हातोडा आणि छिन्नीची गोष्ट वेगळी आहे. जुन्या छिन्नीचे डोके रोजच्या घावांनी चेपत जाते, त्याच्या कडा बाहेर पसरतात, खाली वळतात आणि त्यांना बारीक तडे जातात. वरून घाव बसला की या तडकलेल्या कडेचा एखादा तुकडा निखळतो आणि बंदुकीतून सुटल्यासारखा उडतो. तो लहान, धारदार आणि अतिवेगवान असल्यामुळे डोळ्याच्या भिंतीवर अडत नाही. तो आत शिरतो. दगडाच्या खाणीत पहारीवर घण मारताना, शेतात दगडावर कुदळ आपटताना, गॅरेजात घट्ट बसलेली पिन ठोकून काढताना हेच घडते. पुष्कळदा कपची समोरच्या वस्तूची नसून हातातल्या हत्याराची असते.

म्हणून ‘लोखंडावर लोखंड ठोकत होतो आणि डोळ्यात काहीतरी गेले’ हे रुग्णाचे वाक्य हीच पहिली आणि सर्वांत मोलाची तपासणी होय. हे वाक्य ऐकल्यावर डोळा कितीही शांत दिसला, नजर कितीही चांगली असली, तरी आत कण आहे असे गृहीत धरूनच पुढे जावे लागते. डॉक्टर स्लिट लॅम्पखाली त्याच्या वाटेच्या खुणा शोधतात : कॉर्नियावरची बारीक रेष, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला पडलेले छिद्र, भिंगात उमटलेला पांढुरका पट्टा. बाहुली मोठी करून पाहिल्यावर कण रेटिनावर चकाकताना सरळ दिसला तर निम्मे काम झाले. पण भिंगात मोतीबिंदू धरला असेल किंवा आत रक्तस्राव झाला असेल, तर डॉक्टरांच्या नजरेला पुढे वाट नसते. तिथून प्रतिमांचे काम सुरू होते.

कण आत राहू दिला तर काय होते, हे धातूवर ठरते. सोने, चांदी, प्लॅटिनम किंवा काच डोळ्यात वर्षानुवर्षे फारसा त्रास न देता पडून राहू शकतात. लोखंड तसे राहत नाही. ते हळूहळू विरघळते आणि त्याचे आयन डोळ्यातल्या पेशींमध्ये साचतात. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या डोळ्याचा रंग दुसऱ्यापेक्षा गडद तपकिरी दिसू लागतो, बाहुली मोठी आणि सुस्त होते, भिंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके उठतात, रात्रीचे दिसणे कमी होते आणि शेवटी रेटिना निकामी होते. या विकाराला सिडरोसिस म्हणतात. शुद्ध तांबे त्याहून उतावळे असते. जंतुसंसर्ग नसतानाही ते काही तासांत किंवा दिवसांत डोळ्यात जबर दाह उठवू शकते. तांब्याचे प्रमाण कमी असलेला मिश्रधातू सावकाश काम करतो, तेव्हा कॉर्नियाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडे आणि भिंगात सूर्यफुलासारखा मोतीबिंदू दिसतो. याखेरीज संसर्गाचा धोका असतोच. मातीने माखलेल्या कणाबरोबर बॅसिलस जातीचे जंतू आत गेले, तर डोळा एक-दोन दिवसांत हातचा जाऊ शकतो. शेतातल्या आणि खाणीतल्या दुखापती म्हणूनच अधिक भीतीच्या.

कण शोधण्याची पहिली साधने प्रतिमांची नव्हती, चुंबकाची होती. 1624 साली बर्न येथे फाब्रिशियस हिल्डानस हा शल्यवैद्य एका रुग्णाच्या कॉर्नियातला पोलादी तुकडा काढण्यासाठी झगडत होता. त्याची पत्नी मारी कोलिने हिने चुंबक वापरण्याची कल्पना सुचवली आणि ती सफल झाली. हिल्डानसने तिचे श्रेय नोंदवून ठेवले आहे. 1879 मध्ये बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग यांनी डोळ्यातले लोखंड काढण्यासाठी विद्युतचुंबक वापरात आणला. 1892 मध्ये झुरिकच्या ओटो हाब यांनी अवाढव्य चुंबक पुढे आणला, ज्याच्या टोकाशी रुग्णाचा डोळा आणायचा. तो चुंबक निदानासाठीही वापरला जाई. जवळ नेताच डोळ्यात कळ उठली तर आत लोखंड आहे असे समजत. ही पद्धत क्रूर होती. कण कुठे आहे हे ठाऊक नसताना त्याला खेचले, तर तो वाटेतली रेटिना, भिंग, रंगीत पडदा फाडत येई. पुढे सुमारे शंभर वर्षांनी एमआरआय यंत्रात नेमके हेच, कुणाच्याही मनात नसताना, घडले.

8 नोव्हेंबर 1895 रोजी व्युर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी शोध जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, बॉस्टनचे नेत्रवैद्य चार्ल्स विल्यम्स यांनी क्ष-किरणांच्या मदतीने जागा ठरवून डोळ्याच्या काचजलातून, म्हणजे भिंगामागच्या पारदर्शक जेलीतून, तांब्याचा कण काढला. तांब्याला चुंबक ओढत नाही, म्हणून हे यश विशेष. इतक्या लवकर इतक्या नाजूक इंद्रियासाठी या किरणांचा वापर झाला, यावरून नेत्रवैद्यांची अडचण किती जुनी होती हे कळते.

पण साध्या एक्स-रेवर पांढरा ठिपका दिसला एवढ्याने भागत नाही. तो ठिपका डोळ्यात आहे, पापणीत आहे की डोळ्यामागच्या चरबीत? कवटीच्या सावलीत डोळ्याची स्वतःची रेषा उमटत नाही. डोळ्याचे पडदे, भिंग, काचजल हे सारे क्ष-किरणांना जवळपास सारखेच पारदर्शक. म्हणजे ठिपका दिसतो, पण ज्या घरात तो आहे त्या घराच्या भिंतीच दिसत नाहीत. पुढची सत्तरेक वर्षे या न दिसणाऱ्या भिंती कागदावर काढण्यात गेली.

फिलाडेल्फियाच्या विल्यम स्वीट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक पद्धत बसवली. डोळ्यासमोर मोजक्या अंतरावर दोन धातूच्या खुणा ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या कोनांतून छायाचित्रे घ्यायची आणि सावल्या किती सरकल्या यावरून कणाचे स्थान भूमितीने काढायचे. लंडनचे जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसन यांनी त्याच सुमारास क्ष-किरणांचा मार्ग ताणलेल्या धाग्यांनी प्रत्यक्ष उभा केला. दोन धागे जिथे छेदतील तिथे कण. 1927 मध्ये जर्मनीत कॉम्बर्ग यांनी आणलेली युक्ती सर्वांत टिकाऊ ठरली. त्यांनी डोळ्यावर बसणारी काचेची कॉन्टॅक्ट लेन्स घेतली आणि तिच्यावर कॉर्नियाच्या कडेशी जुळतील असे शिशाचे चार ठिपके बसवले, घड्याळातल्या 12, 3, 6 आणि 9 च्या जागी. लेन्स घालून एक छायाचित्र समोरून, एक बाजूने. समोरच्या चित्रात चार ठिपक्यांच्या मध्यापासून कण किती दूर आणि कोणत्या दिशेला हे कळे. बाजूच्या चित्रात चारही ठिपके एका रेषेत येत आणि त्या रेषेच्या मागे कण किती मिलिमीटर आहे ते मोजता येई. मग ती मापे 24 मिलिमीटरच्या डोळ्याच्या छापील नकाशावर उतरवली की जागा ठरली.

या देखण्या भूमितीत एक गोम होती. नकाशा सरासरी डोळ्याचा असे, समोरचा रुग्ण सरासरी असेलच असे नाही. ज्याला मोठा मायनस नंबर आहे त्याचा डोळा 28 मिलिमीटर किंवा त्याहून लांब असू शकतो. अशा डोळ्यातला कण मागच्या भिंतीला चिकटून आत असला, तरी नकाशावर तो बाहेर पडलेला दिसे. उलट लहान डोळ्यात बाहेरचा कण आत दिसे. शस्त्रक्रिया करावी की नाही हा निर्णय या दोन-तीन मिलिमीटरवर लटकलेला असल्यामुळे चूक महागात पडे. तरीही या पद्धतींनी असंख्य डोळे वाचवले, आणि आज विस्मृतीत गेलेल्या या तंत्रज्ञांना त्याचे श्रेय मिळायला हवे.

क्ष-किरणांशिवायचाही एक रस्ता होता. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत प्रवर्तनावर चालणारे यंत्र आणले होते. तो प्रयत्न फसला. पण त्याच तत्त्वावर सॅम्युअल बर्मन यांनी बनवलेले धातुशोधक यंत्र 1941 मध्ये पर्ल हार्बरच्या जखमींवर वापरले गेले आणि नंतर नेत्रशस्त्रक्रियेतही आले. टोक कणाजवळ गेले की त्याचा इशारा मिळे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याचा उपयोग होता, पण हे यंत्र चित्र देत नसे.

चित्राचा प्रश्न सीटी स्कॅनने सोडवला. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. 1979 मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीमध्ये डोळ्याच्या भिंती पहिल्यांदा दिसू लागल्या : गोलाची कड, भिंगाची पांढरट चकती, मागे जाणारी नेत्रशिर आणि या सर्वांच्या संदर्भात कणाचा झगझगीत ठिपका. कॉम्बर्गचा छापील नकाशा अनावश्यक झाला, कारण आता प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा नकाशा मिळत होता. सुरुवातीच्या यंत्रांचे छेद जाड असत आणि दोन छेदांच्या मध्ये लहान कण हरवू शकत असे. आजच्या यंत्रांवर एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद काही सेकंदांत मिळतात आणि त्यांपासून उभी, आडवी, समोरची अशी हवी ती प्रतिमा पुन्हा रचता येते. डोळ्यातल्या धातूसाठी आज सीटी हीच पहिल्या पसंतीची तपासणी आहे, आणि ते योग्यच आहे.

मात्र सीटी मागवण्याची आणि वाचण्याची रीत असते. चिठ्ठीवर नुसते ‘डोक्याचा सीटी’ लिहून चालत नाही. मेंदूसाठी ठरवलेल्या जाड छेदांत अर्ध्या मिलिमीटरचा कण सुटू शकतो. ‘डोळ्याच्या खोबणीचे पातळ छेद, धातूचा कण असल्याचा संशय’ असे स्पष्ट लिहावे लागते. धातूभोवती चांदणीसारख्या पांढऱ्या-काळ्या रेषा फुटतात आणि कण असतो त्यापेक्षा मोठा भासतो. म्हणून तपासनीस प्रतिमा हाडांसाठीच्या विंडोमध्ये उघडतो. त्यात चकाकी ओसरते आणि खरा आकार समोर येतो. कण लोखंडाचा की तांब्याचा हे सीटीवरून सहसा सांगता येत नाही. ते पुन्हा रुग्णाच्या हकिकतीवरून, हत्यारावरून समजून घ्यावे लागते. लाकडाचा तुकडा असेल तर सीटीही फसवू शकतो, कारण कोरडे लाकूड हवेसारखे काळे दिसते. आणि कण डोळ्याच्या भिंतीलाच चिकटलेला असेल, तर तो आतल्या अंगाला आहे, भिंतीत रुतला आहे की आरपार बाहेर गेला आहे, हा जुना प्रश्न सीटीसमोरही उभा राहतो.

साधा एक्स-रे तरीही मोडीत निघालेला नाही. सीटी जवळ नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी तोच हाताशी असतो. तिथे एक साधी, हुशार पद्धत वापरतात. रुग्णाला एकदा वर आणि एकदा खाली पाहायला सांगून दोन छायाचित्रे घ्यायची. ठिपका दोन्हींत एकाच जागी राहिला, तर तो बहुधा डोळ्याबाहेर आहे, किंवा कॅसेटवरच्या धुळीचा डाग आहे. ठिपका सरकला तर तो डोळ्याबरोबर फिरतो आहे. बाजूच्या चित्रात तो नजरेच्याच दिशेने गेला तर डोळ्याच्या पुढच्या भागात आणि उलट दिशेने गेला तर मागच्या भागात. पण एक्स-रे स्वच्छ आला म्हणून कण नाही, असे म्हणता येत नाही. बारीक, पातळ कण हाडांच्या सावलीत सहज लपतो. हातोड्याची हकिकत असलेल्या रुग्णाला स्वच्छ एक्स-रे दाखवून घरी पाठवणे ही चूकच आहे.

सोनोग्राफी सीटीची खरी जोडीदार. डोळ्यावर ए-स्कॅनचा वापर 1956 पासून आणि बी-स्कॅनचा 1958 पासून नोंदलेला आहे. आज डोळ्यासाठी साधारण 10 मेगाहर्ट्झची ध्वनिलहर वापरतात. धातूवरून ती जोरात परतते, म्हणून पडद्यावर ठळक पांढरा ठिपका आणि त्याच्या मागे काळी सावली दिसते. गोल छर्रा असेल तर ध्वनी त्याच्या आतच मागे-पुढे आपटून एकामागोमाग प्रतिध्वनींची शेपटी उमटवतो. रेटिना सुटली आहे का, काचजलात रक्त आहे का, कण भिंतीच्या आत आहे की बाहेर, याची उत्तरे सोनोग्राफी सीटीहून चांगली देते. बाहुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी 50 मेगाहर्ट्झच्या आसपासची अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी आहे. तिची पोहोच काही मिलिमीटरच असते, पण तेवढ्यात ती अत्यंत बारीक तपशील दाखवते. अडचण एकच : प्रोबचा दाब. जखम उघडी असेल तर दाबाने डोळ्यातला ऐवज बाहेर येऊ शकतो, म्हणून अशा डोळ्यावर सोनोग्राफी टाळतात, किंवा अनुभवी हात मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल घालून, न दाबता ती करतात. हवेचा बुडबुडाही कणासारखाच चमकतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

एमआरआयचे स्थान या यादीत वेगळे आहे. चुंबकीय धातू असल्याची शंका जरी असली, तरी एमआरआय करायचा नाही. 1.5 टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 30,000 पट ताकदीचे असते आणि तपासणी सुरू नसतानाही ते चुंबक चालूच असते. 1986 मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याने पूर्वी पत्र्याचे काम केले होते. डोळ्यात कण असल्याची त्याला कल्पना नव्हती. त्याची तपासणी फक्त 0.35 टेस्लाच्या यंत्रात झाली, पण तेवढ्यानेही डोळ्यातला काही मिलिमीटरचा लोखंडी तुकडा हलला, आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. तुकडा नंतर सीटीवर दिसला. वर्षानुवर्षे शांत बसलेला कण यंत्राच्या तोंडाशी, जिथे क्षेत्र झपाट्याने बदलते, तिथे ओढला किंवा फिरवला जातो. त्याच्या आड रेटिना असते.

आज एमआरआयआधीच्या अर्जात ‘डोळ्याला कधी धातूची इजा झाली आहे का?’ हा प्रश्न असतो. त्याला ‘हो’ असे उत्तर आले आणि कण पूर्ण काढल्याची डॉक्टरांची खात्री मिळाली नाही, तर आधी डोळ्यांचा एक्स-रे किंवा सीटी करतात. इजेनंतर कधी डोक्याचा सीटी झालेला असेल, तर तो उघडून पाहिला तरी बऱ्याचदा काम भागते. हा प्रश्न घाईने, टिकमार्क करून संपवण्याचा नाही. भोसरी, चाकण, इचलकरंजी, कोल्हापूर अशा पट्ट्यांत लेथ, फाउंड्री आणि फॅब्रिकेशनची कामे केलेला माणूस डोळ्यात ठिणगी जाणे ही ‘इजा’ मानतच नाही. त्याला विचारायचे तर ‘ग्राइंडरवर किंवा हातोड्याने काम केलंय का? डोळ्यातला कण कधी कुणी काढलाय का?’ असे विचारायला हवे.

जागा ठरल्यावर पुढचे काम शस्त्रक्रियेचे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मायामीचे रॉबर्ट माखेमर यांनी काचजल काढण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया रूढ केली आणि चुंबकाने आंधळेपणाने खेचण्याचा काळ मागे पडला. आज शल्यवैद्य सूक्ष्मदर्शकाखाली कणाभोवतीचा भाग मोकळा करून बारीक चिमट्याने किंवा डोळ्यात नेता येणाऱ्या लहान चुंबकाने कण बाहेर आणतो. शक्य तितक्या लवकर, शक्यतो 24 तासांत, कण निघाल्यास संसर्गाची शक्यता कमी होते. लोखंड बराच काळ आत राहिले असेल, तर रेटिनाची विद्युत तपासणी, इलेक्ट्रोरेटिनोग्राम, किती नुकसान झाले ते सांगते.

ही दुखापत टाळता येते, हे यातले सर्वांत सलणारे सत्य. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 35 मध्ये डोळ्यांवर कण उडण्याचा धोका असलेल्या कामासाठी पडदे किंवा गॉगल देण्याची तरतूद होती. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेली वर्कशॉप मात्र त्या अधिनियमातल्या ‘कारखाना’ या व्याख्येबाहेर राहिली, आणि छिन्नी-हातोड्याची कामे तिथेच जास्त चालतात. बाजूंनी बंद असलेला पॉलीकार्बोनेटचा चष्मा आणि छिन्नीचे फुललेले डोके वेळीच ग्राइंड करून साफ करणे, इतक्याने बहुतेक इजा थांबतात.

इजा झालीच तर डोळा चोळू नये, दाबू नये, धुण्याच्या नादी लागू नये. काडी किंवा रुमालाच्या टोकाने कण काढायला सहकाऱ्याला सांगू नये. दूध, तूप, मध असे काहीही घालू नये. कागदी कपाचा तळ किंवा तत्सम काहीतरी डोळ्यावर, दाब न येता, चिकटवावे आणि लगेच नेत्ररुग्णालय गाठावे. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ नये. ज्या हत्याराची कपची उडाली ते हत्यार सोबत न्यावे, म्हणजे धातू चुंबकीय आहे की नाही हे डॉक्टरांना तिथल्या तिथे पाहता येते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ‘ठोकताना गेलं’ हे सांगावे. आणि कधी काळी डोळ्यात कण गेला असेल, तर वीस वर्षांनी गुडघ्याचा किंवा मणक्याचा एमआरआय करायला गेल्यावरही ते तिथल्या तंत्रज्ञाला आवर्जून सांगावे.